चौतिसाव्या रांगेतली खिडकी

चौतिसाव्या रांगेत डाव्या बाजूला जागा तीन, माणसं तीन, खिडकी एक, दुर्बिणी दोन आणि कॅमेरे चार होते. चारांपैकी तीन कॅमेरे मधल्या जागेवरच्या ट्रेलॉर आजोबांचे.

मेलबर्नहून दक्षिण ध्रुवाकडचा बर्फ बघायला निघालेलं हे विमान कुठेही उतरणार नव्हतं. बर्फावर आठाच्या आकड्यासारख्या घिरट्या घालायच्या आणि संध्याकाळी घरी. नियम एकच कडक होता – बर्फावरचा अर्धा वेळ संपला की खिडकीतल्याने कडेला यायचं आणि कडेच्याने खिडकीत जायचं. मधल्याने मधेच राहायचं. त्याचं तिकीट स्वस्त.

टॅम्सिन हार्कर कडेला होती. खिडकीत रेनो वासालो. तो मेलबर्नमध्ये ट्राम चालवायचा.

"अहो, ऐका," तो आजोबांच्या पोटावरून वाकून तिला म्हणाला, "खाली एक हिमनग आहे. आमच्या ट्रामच्या डेपोएवढा. तुम्हाला दिसत नाही म्हणून सांगतोय."

"डेपो मी पाहिलेला नाही."

"मग या की एकदा…"

आजोबांनी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता म्हटलं, "पोरा, बर्फाबद्दल बोल. तिकीट बर्फाचं आहे."

टॅम्सिन हसली. रेनोने लगेच बर्फाबद्दल बोलायला सुरुवात केली. पांढऱ्या लाद्यांमधल्या भेगा, भेगांमधलं शाईसारखं पाणी, आणि त्यावरून सरकणारी विमानाची सावली… चुका बऱ्याच होत्या. तिने एकही दुरुस्त केली नाही, आणि हे तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं.

"तुम्हीही पहिल्यांदाच बघताय?" त्याने विचारलं.

"हो. पण तीन आठवड्यांनी राहायलाच जातेय. तिथल्या तळावर. समुद्रावरच्या बर्फाची जाडी मोजायला."

"किती दिवस?"

"वर्षभराहून जास्त. हिवाळ्यात तिकडून कुणाला परतता येत नाही."

तो खिडकीबाहेर बघायला लागला, पण दुर्बीण मांडीवरच राहिली. टॅम्सिनला ते बरं वाटायला हवं होतं. जाण्याआधी नवं काही सुरू करायचं नाही, मागे कुणाला ताटकळत ठेवायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात जागा बदलण्याची घोषणा झाली. विमानभर माणसं उठली. रेनो बाहेर आला, टॅम्सिनही उठून उभी राहिली, आणि दोघं वाटेतच अडली.

"तुम्हीच बसा खिडकीत," ती म्हणाली. "मला पुढे बर्फच बघायचाय."

"छे, नियम म्हणजे नियम."

"माझी पाळी आहे ना? मग ती मी तुम्हाला देतेय."

"आणि मी घेत नाहीये!"

"काय हट्टी आहेस रे…"

"तू कमी आहेस का?"

दोघं वळली तर ट्रेलॉर आजोबा खिडकीत. पट्टासुद्धा बांधून झालेला.

"आजोबा!" टॅम्सिन म्हणाली.

"तुम्हा दोघांनाही नको होती ना?" ते म्हणाले. "भांडा सावकाश. उरल्यात त्या जागा वाटून घ्या."

उरलेल्या जागा शेजारी शेजारी होत्या.

खाली डोंगर होते म्हणे. त्यांच्या वाट्याला आजोबांची पाठ आली. दोन खुर्च्यांमधल्या हातावर दोन कोपरं टेकली होती, एक कोपर दोनदा मागे गेलं, दोनदा परत आलं. ते टॅम्सिनचं होतं.

"'माझ्यासाठी थांब' असं मी कुणालाही सांगणार नाही," ती हळूच म्हणाली. "ते बरोबर नाही."

"नको सांगूस. तसंही सांगितलेलं मी ऐकत नाही. आईला विचार."

"तुझी आई कुठे भेटणार मला?"

"तेच तर म्हणतोय…"

मेलबर्नला उतरल्यावर ती ठरवल्याप्रमाणे "बरं, येते" म्हणाली आणि निघाली. मग थोडी पुढे जाऊन परत आली, आणि तिने त्याला फोन नंबर दिला.

एकवीस जूनला, तिकडच्या ऐन हिवाळ्यात, तळावरची माणसं समुद्रावरच्या बर्फाला भोक पाडतात आणि एकेक जण त्यात उडी मारतो. आपली पाळी येण्याआधी टॅम्सिनने रेनोला फोन लावला.

"कुठे आहेस?"

"इथेच मेलबर्नला, सेंट किल्डाच्या समुद्रात. कमरेपर्यंत. फोन पिशवीत घातलाय."

"वेडा आहेस का?"

"म्हटलं, तू एकटीनेच कशाला कुडकुडायचं… लोक बघतायत गं. एक बाई पोलिसांना बोलवू का विचारून गेली."

ती हसली.

"रेनो…"

"पटकन. पाय जाणवत नाहीयेत."

"अजून आठ महिने आहेत. थांबशील?"

"केव्हा विचारतेस, याची वाट बघत होतो," तो म्हणाला. त्याचे दात वाजत होते.

तिने फोन ठेवला, कमरेला दोर बांधला आणि उडी मारली. भोकातल्या पाण्याचं तापमान उणे एक पूर्णांक आठ अंश भरलं. सेंट किल्डाला, रेनोने बरोबर नेलेल्या थर्मामीटरवर, अकरा पूर्णांक चार.