मांजरीचं सवाष्णीचं पान

हे घडलेलं आहे. नीरजा माझी सख्खी मावसबहीण, सदाशिव पेठेत वाढलेली. भुताखेतांचं नाव काढलं तरी नाक मुरडणारी. कुणाला खोटं वाटत असेल तर खुशाल वाटू दे, मला कुणाकडून वर्गणी गोळा करायची नाही.

साल २००३. पितृपंधरवड्यातला एक दिवस, भर दुपार. ठिकाण पुण्याजवळचं मांजरी गाव, उसातला एक कच्चा रस्ता.

त्या दिवशी नीरजा पहिल्यांदा उत्तरेश्वरबरोबर बाहेर पडली होती. तो लातूरकडचा. हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोघं एकाच टीममध्ये. पेठेत कुणी पाहिलं असतं तर घरी बातमी आधी पोहोचली असती आणि नीरजा नंतर. म्हणून गाडी उलट्या दिशेला काढली.

डेट कसली, डोंबल. हा बाबा सगळ्या वाटेनं ऑनसाइटच्या, म्हणजे कंपनीतर्फे अमेरिकेला जायच्या, गप्पा हाणत होता. नीरजानं मनाशी ठरवून टाकलं, ही पहिली आणि हीच शेवटची.

तेवढ्यात गाडी बंद पडली.

समोर उसात एकच घर होतं. ओट्यावर एक म्हातारा. नाव रंगनाथ.

"कोण तुमी? लगीन झालंय का?"

त्या काळी गावाबाहेर जोडपी दिसली की लोक अडवायचे, प्रसंगी हाणायचे. त्यामुळे प्रत्येक मुलाचं उत्तर पाठ असायचं.

"हो काका, झालंय," उत्तरेश्वर म्हणाला.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले.

"देवच पावला. आज अविधवा नवमी. माझी मालन भरल्या कपाळानं गेली. तिच्या नावानं सवाष्ण जेवू घालायची, तर गावातली एकबी बाई माझ्या दारात येत न्हाय. तुमी जेवता का, बाई?"

मेलेल्या सवाष्णीच्या नावाचं हे पान. लग्न न झालेल्या मुलीनं त्यावर बसायचं नसतं, हे नीरजाला आईनं लहानपणीच सांगितलेलं. पण खरं बोलावं तर म्हातारा गाव गोळा करणार. तिनं उत्तरेश्वरकडे पाहिलं. तो मान खाली घालून बूट काढायला लागलेला. धन्य तो नवरा.

ती ओट्यावर मांडलेल्या पानावर बसली.

घरात दुसरं कुणी नव्हतं. म्हातारा तर तिच्यासमोर वाढायला बसलेला.

तरीही आतून लाटण्याचा आवाज येत होता...

मधूनच बांगड्या वाजत होत्या...

म्हातारा उठून आत जायचा आणि बाहेर यायचा तेव्हा हातात वाफाळती पुरणपोळी असायची.

"आत कोण आहे?" नीरजानं विचारलं.

"जेवा. थांबू नगा."

जेवण उरकलं. कुंकू लावायला घरात बाई नाही, म्हणून म्हाताऱ्यानं करंडा उत्तरेश्वरपुढे सरकवला. "मालकांनी लावलं तरी चालतंय." उत्तरेश्वरनं चिमटीत कुंकू घेतलं. तिच्या कपाळाला लावलं.

आतलं लाटणं थांबलं.

बांगड्याही थांबल्या...

आणि उंबऱ्याच्या आतून, अगदी जवळून, बाईचा आवाज आला.

"लगीन झालंय न्हवं, खरंच?"

म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. उत्तरेश्वरच्या तोंडून पुन्हा तेच निघालं. "हो."

"मग निभवा."

दोघं पळत सुटले. गाडी पहिल्या किकला सुरू झाली. हडपसरला उतरल्यावर नीरजा त्याला एवढंच म्हणाली, "पुन्हा तोंड दाखवू नकोस."

त्या रात्री घरी ती जेवायला बसली. आमटी अळणी. भाजी अळणी. तिनं पानातलं मीठ बोटावर घेऊन चाटलं.

मीठसुद्धा अळणी...

आई म्हणाली, "अगं, सगळं व्यवस्थित आहे." बाबाही तेच म्हणाले.

मग रोज तेच. घास तोंडात फिरायचा, गिळवत नव्हता. नीरजा वाळत चालली. डॉक्टर झाले, गंडेदोरे झाले, सदाशिव पेठेत गंडेदोरे म्हणजे बघा.

एकदा ऑफिसच्या कँटीनमध्ये जागा नव्हती म्हणून ती नाइलाजानं उत्तरेश्वरसमोर बसली. तोही काडीसारखा झालेला. दोघांनी डबे उघडले. पहिल्याच घासाला खारट, तिखट, सगळं लागलं.

उत्तरेश्वर तिथंच रडायला लागला. "तुझंही तसंच?"

त्यांनी लग्न केलं. दुसरं करणार काय? लोकांनी त्याला प्रेमविवाह म्हटलं. पहिली वर्षं दोघं वैऱ्यासारखी एकमेकांसमोर बसून जेवत. एकदा तो हट्टानं अमेरिकेला गेला आणि हाडांचा सापळा होऊन परत आला. नातेवाईक मात्र कौतुक करायचे, "बघा, अजून एकमेकांशिवाय जेवत नाहीत."

आणि मग कधीतरी नीरजा त्याच्या प्रेमात पडली. तिला कावीळ झाली तेव्हा तो उपाशीच तिच्या उशाशी बसून राहिला होता, तेव्हाच बहुधा. मला म्हणाली, "आता हा माणूस नसला तर मी मरेन गं. चवीसाठी नाही."

गेल्या वर्षीच्या पितृपंधरवड्यात ऑफिसात कुणीतरी तिच्या हातावर चिवडा ठेवला. तिनं नकळत तोंडात टाकला.

खारट लागला...

उत्तरेश्वर तिथून कितीतरी लांब होता.

तिनं आनंदानं नाचायला हवं होतं. पण तिनं उरलेला चिवडा तसाच परत ठेवला. आपण सुटलो म्हणजे तोही सुटला असणार. आता त्याला कोण धरून ठेवणार?

ती मांजरीला जाऊन आली. तिथं आता सोसायट्या. ते घर नाही, आणि रंगनाथ कोण हे कुणालाच माहीत नाही. त्या बाईनं आत्ताच का सोडलं, सोडलं की नाही, कुणाला विचारणार?

नवऱ्याला तिनं काही सांगितलं नाही. वारज्याच्या फ्लॅटमध्ये रोज रात्री ती त्याचं तोंड निरखत जेवायची.

परवा तो उशिरा आला. बूट काढता काढता म्हणाला, "मी जेवून आलोय."

नीरजाचा घास हातातच राहिला.

त्यानं हात धुतले. खुर्ची ओढली. नेहमीसारखा तिच्यासमोर येऊन बसला आणि ती जेवेपर्यंत उठला नाही. प्रेमानं बसला, की अजून कुणाच्या धाकानं, हे विचारायची नीरजाची छाती झालेली नाही.