न मारलेली फेरी

कार्डं वाटताना

चर्च सुटल्यावर नेल्डा प्रुइट कपडे न बदलताच ट्रॅकवर आली. फेऱ्या मोजणाऱ्या गणकांच्या मचाणाच्या फळ्या अजून ओल्या होत्या, म्हणून तिने चर्चमधलं प्रार्थनेचं पत्रक उलगडून खाली घातलं आणि त्यावर बसली. मार्चचा पहिला रविवार, मोसमातली पहिली शर्यत. समोर ब्रायर क्रीकचा ट्रॅक पसरला होता. पाइनच्या झाडांमधे, लाल मातीच्या खड्ड्यात बसवलेला डांबराचा लंबगोल, इतका आखूड की गाडी नजरेआड व्हायला जागाच नाही. एक फेरी एकोणीस सेकंदांची. अशा शंभर.

मचाणावर बावीस बायका, खाली बावीस गाड्या. प्रत्येकीला एक गाडी, एक कार्ड आणि कार्डावर शंभर रकाने. आपली गाडी रेषेवरून गेली की मोठ्या घड्याळात बघायचं आणि मिनिट-सेकंद रकान्यात लिहायचे. कोण पुढे, कोण कोणाला भिंतीकडे दाबतोय, हे बघायला प्रेक्षक होते. गणकांनी फक्त रेषा बघायची.

बायकोला नवऱ्याचं कार्ड मिळत नसे. तो थर्मन यांचा नियम. थर्मन मुख्य गणक, साठी उलटलेले, टोपी डोक्यापेक्षा हातातच जास्त.

"नवऱ्यावर जीव असलेल्या बाईला आकडे मोजता येत नाहीत," ते दर मोसमाला सांगत.

"मग आम्हाला आमच्याच नवऱ्यांची कार्डं द्या की," मागून कोणीतरी म्हणालं. "काही धोका नाही!"

सगळ्या हसल्या. नेल्डाला आठ नंबरचं कार्ड मिळालं.

"आणि एक्केचाळीस?" तिने विचारलं. एक्केचाळीस म्हणजे तिच्या नवऱ्याची, डॉयलची गाडी.

"मिस इमोजिनकडे."

इमोजिन सॅटरफील्ड नेल्डाच्या शेजारीच येऊन बसली होती. पन्नाशीची बाई (मानाने सगळे तिला 'मिस' म्हणत), राखाडी कोट, पेन्सिलीला सुरीने काढलेलं लांब टोक. ऑक्टोबरनंतर ती आज पहिल्यांदा आली होती. ऑक्टोबरात तिचा नवरा कोय इथेच, तिसऱ्या वळणाच्या भिंतीवर आदळून गेला. त्याची त्रेसष्टावी फेरी चालू होती. त्या दिवशी कोयचं कार्ड नेल्डाकडे होतं.

मचाणाखाली डॉयल आला. काखेत हेल्मेट, गालात उकडलेल्या शेंगा. "मिस इमोजिन," तो ओरडला, "माझ्या दोन-चार फेऱ्या जास्त लिहा बरं का! आपण नाही कोणाला सांगणार!"

मचाण गप्प झालं. डॉयलच्या उशिरा लक्षात आलं. तो कानापर्यंत लाल झाला.

"मूर्ख आहे मी. चुकलं माझं."

"जा बाळा," इमोजिन म्हणाली. "नीट चालव."

जाता जाता त्याने नेल्डाकडे बघून तोंड वेडंवाकडं केलं. ती हसली नाही. गेले पाच महिने तिच्या मनात एकच भीती होती. ऑक्टोबरातली आपली चूक उघड सांगून टाकल्याशिवाय डॉयल त्या वळणावरून सुखरूप येणार नाही, अशी. भीतीला काही अर्थ नव्हता. तिलाही ते कळत होतं.

फेरी १७

बावीस इंजिनांचा आवाज फळीतून मांड्यांत चढत होता. त्यात बोलायचं तर गाडी गेल्यावर, पुढची यायच्या आत.

"मिस इमोजिन, तुम्हाला एक सांगायचंय."

फेरी १८

दोघींनी आपापल्या रकान्यात लिहिलं.

"ऑक्टोबरात कोयचं कार्ड माझ्याकडे होतं."

"माहीत आहे."

फेरी १९

गणकांत एक चूक ठरलेली असते. तिला त्या 'हात पुढे पळणं' म्हणतात. बासष्ट वेळा दर एकोणीस सेकंदांनी हात लिहितो. त्रेसष्टाव्या वेळी तो तुम्हाला विचारत नाही. नेल्डाने घड्याळात पाहिलं होतं, वेळ लिहिली होती, आणि मग किंकाळ्या ऐकल्या होत्या. कोय रेषेपर्यंत आलाच नव्हता. खोडरबर तिच्या मांडीवर होतं. पण तेवढ्यात थर्मन कार्डं गोळा करत आले.

फेरी २०

"त्रेसष्टावी फेरी त्याने मारलीच नव्हती. मी लिहिली."

फेरी २१

इमोजिनने वेळ लिहिली. पेन्सिलीचं टोक तपासलं.

"मारली," ती म्हणाली.

फेरी २२

"तिसऱ्या वळणावर धूर उठला होता. सगळ्या तिकडे बघत होत्या. मीही उठले. आणि माझ्यासमोर रेषेवरून सात नंबर गेला. कोयचा. धड. बंपरला पोचासुद्धा नाही. आवाज नाही."

फेरी २३

"मला वाटलं, माझं डोकं फिरलं. मग थर्मनच्या टेबलावर तुझं कार्ड पाहिलं. वेळ लिहिलेली होती. मी त्याला पाहिलं, तीच वेळ."

"मी काही पाहिलं नाही हो. मी कागदाकडे बघत होते."

फेरी २४

"तू लिहिलंस म्हणून तो आला, का तो आला म्हणून तू लिहिलंस, हाच विचार करत सगळा हिवाळा काढला मी."

फेरी २५

(नेल्डाच्या कार्डावर हा रकाना रिकामा आहे. आठ नंबर कधी गेला, ते तिला कळलं नाही.)

फेरी २६

"एकोणीस सेकंद जास्त मिळाले मला," इमोजिन म्हणाली. "तुझे आभार मानायला आले आज."

फेरी २७ ते ६२

दोघी लिहीत राहिल्या.

जळक्या रबराचा वास शेंगांच्या खारट वाफेत मिसळत होता. डॉयल सातवा होता, मग पाचवा. घड्याळाचा काटा सेकंदाला टक करून अडखळे आणि पुढे जाई. नेल्डा रेषेकडे बघायची, रकान्याकडे बघायची आणि मधेच चोरून तिसऱ्या वळणाकडे. तिथली भिंत पांढऱ्या रंगाने नव्याने रंगवली होती. इतर भिंतींपेक्षा ती जास्तच पांढरी दिसत होती.

फेरी ६३

दोघींनी श्वास रोखला. एक्केचाळीस नंबर तिसऱ्या वळणात शिरला, बाहेर आला, रेषेवरून गेला. इमोजिनने लिहिलं.

नेल्डाला हसू आलं. स्वतःचंच. पाच महिने उगाच जीव टांगणीला लावला! मागच्या फळीवरून कोणीतरी सँडविचचा डबा पुढे केला, तर तिने एक उचलून खाल्लंसुद्धा. भूक लागल्याचं तिला आत्ता कळलं.

फेरी ७०

डॉयल चौथा. तो जवळून गेला तेव्हा पुढच्या उजव्या चाकातून निळसर धुराची बारीक रेघ निघत होती.

फेरी ७१

आवाज फार मोठा नव्हता. शेजारच्या घरात कपाट आडवं व्हावं, तेवढा.

मचाण उभं राहिलं. एकीने "देवा" म्हटलं आणि नेल्डाकडे बघून तोंडावर हात ठेवला. नेल्डा उठली नाही. ती इमोजिनच्या कार्डाकडे बघत होती. सत्तर रकाने भरलेले. एकाहत्तरावा कोरा.

"लिहा," ती म्हणाली.

"नेल्डा, खाली जा. त्याच्याजवळ जा."

"लिहा हो! पाया पडते तुमच्या, लिहा."

इमोजिनने घड्याळात पाहिलं. तिचा हात थांबला, मग टेकला. तिने लिहिलं.

एक्केचाळीस नंबर रेषेवरून गेला.

निळा, धुतल्यासारखा स्वच्छ. वेग कमी करायचा पिवळा झेंडा दाखवला होता, बाकीच्या गाड्या रांगेने रांगत होत्या. हा त्यांच्यामधून पूर्ण वेगाने गेला. जणू त्या तिथे नव्हत्याच. आवाज नाही. आणि तिसऱ्या वळणावर धूर तसाच उभा.

फेरी ७२

नेल्डाने कार्ड ओढून घेतलं आणि स्वतः लिहिलं.

तो आला.

फेरी ७३

थर्मन टेबलावरच्या फोनमधे ओरडत होते. मग मचाणाकडे वळून ओरडले, "जिवंत आहे! श्वास चालू आहे!" बायकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी रडत होतं.

नेल्डाने मान वर केली नाही. तिला कळलं होतं, श्वास कशावर चालू आहे ते.

फेरी ७४

लाल झेंडा. सगळ्या गाड्या पलीकडच्या सरळ पट्ट्यावर थांबल्या, इंजिनं बंद. इतकी शांतता झाली की वळणावर पत्रा कापणारी करवत इथपर्यंत ऐकू येऊ लागली.

एकच गाडी चालू होती.

फेरी ७५

थर्मन तिच्यासमोर उभे राहिले. "नेल्डा, ऊठ. मी घेऊन जातो तुला. तुझं नाव घेतोय तो."

"मला लिहायचंय."

"शर्यत थांबलीय, पोरी. काय लिहितेस?"

"तुम्ही बाजूला व्हा. मला रेषा दिसत नाही."

फेरी ७६

ते बाजूला झाले. टोपी पिळून पिळून तिची दोरी केली होती त्यांनी.

"डॉक्टर म्हणतात, अशा अवस्थेत माणूस..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "फार यातना आहेत गं त्याला. त्यांनाही कळत नाहीये, तो अजून कसा..."

तिने लिहिलं.

फेरी ७७

या वेळी खिडकीतून हात बाहेर आलेला होता. सरळ वर, पंजा उघडा.

ब्रायर क्रीकला शेंगा विकणारी बाईसुद्धा ती खूण ओळखते. चालकाने हात वर केला म्हणजे, मी वेग कमी करतोय, मागून धडकू नका, मी ट्रॅक सोडून आत येतोय.

"आत यायला मागतोय," इमोजिन हळूच म्हणाली. "येऊ दे त्याला."

फेरी ७८

हात वर.

तिने लिहिलं.

फेरी ७९

हात वर.

तिने लिहिलं. तिच्या तोंडून आवाज निघत होता, तिला तो ऐकू येत नव्हता.

फेरी ८०

हात वर. आणि पहिल्यांदाच त्याने मान वळवून मचाणाकडे पाहिलं. हेल्मेटच्या आत डॉयलचा चेहरा होता. रागावलेला नव्हता. खूप थकलेला होता, गिरणीतून दोन पाळ्या करून यायचा तेव्हा असायचा तसा.

फेरी ८१

(रिकामा.)

नेल्डाने पेन्सिल फळीवर ठेवली. ती घरंगळली आणि फटीतून खाली पडली.

रेषेवरून काही गेलं नाही.

थर्मन यांच्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी ऐकलं, "हो" म्हणाले, पुन्हा "हो" म्हणाले, आणि पिळलेली टोपी छातीशी धरली. करवत थांबली होती.

नंतर

रुग्णवाहिका भोंगा न वाजवता गेली. उरलेली शर्यत रद्द झाली. बायकांनी आपापली कार्डं टेबलावर ठेवली आणि एकेक करून नेल्डाच्या खांद्याला हात लावून उतरल्या. थर्मन गाडी आणायला गेले. पाइनच्या शेंड्यांवर ऊन होतं, खाली सावली झाली होती. इमोजिन तिचा हात हातात घेऊन बसून राहिली.

"आला आत," नेल्डा म्हणाली. "मी येऊ दिलं त्याला. हो ना?"

इमोजिन रेषेकडे बघत होती.

खाली सरळ पट्ट्यावर एक म्हातारा रुंद झाडूने रबराचा चुरा लोटत होता. ट्रॅकचा झाडूवाला, शर्यत संपली की तो येतो, सगळे गेलेले असतात म्हणून त्याला सहसा कोणी पाहत नाही. रेषेपाशी येऊन त्याने दोन-तीन हात मारले. मग झाडू उचलला, भिंतीला पाठ लावून उभा राहिला, आणि थांबला. ट्रॅक रिकामा होता. जरा वेळाने तो पुन्हा पुढे झाला आणि लोटू लागला.

पुन्हा दोन-तीन हात. पुन्हा झाडू उचलून भिंतीशी.

तो वर बघत नव्हता, कान देत नव्हता. वर्षानुवर्षांची सवय अंगात मुरलेली असावी, तसा वेळेवर मागे होत होता. नेल्डाने घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं. पण तिच्या हातालाच कळत होतं, दर एकोणीस सेकंदांनी.

तिसऱ्यांदा तो भिंतीशी गेला, नेहमीइतका थांबला आणि पाऊल पुढे टाकलं. मग काहीतरी लक्षात आल्यासारखा चटकन मागे झाला, आणि अजून एका गाडीपुरता थांबला.