दब्राव्याच्या पाणवठ्यावर

कामेन नावाच्या एका ड्रायव्हरला इटलीहून एक पेटी आणून दब्राव्याला पोचवायची होती. एवढंच काम. रांगेलकाकांनी गोष्ट इतक्याच शांतपणे सुरू केली, भट्टीखाली एक लाकूड सारत.

नोव्हेंबरात गावची राकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, भट्टी रात्रंदिवस पेटलेली असते. प्रत्येक घराची पाळी ठरलेली. त्या शुक्रवारी रांगेलकाकांचे आलुबुखार उकळत होते, म्हणून त्यांची नात मिलेना आणि मी लाकडं पुरवायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी पितरांचा शनिवार. घरोघरी बायकांनी कबरींवर न्यायचा गहू शिजवून, साखर घालून, झाकून ठेवला होता. आठवडाभर पाऊस नव्हता, नुसती कोरडी थंडी.

"हे मला माझ्या ओळखीच्या एका माणसाने सांगितलंय," काका म्हणाले. "तो होता तिथे. मी नव्हतो."

"कोण माणूस?" मिलेनाने विचारलं.

"तुला काय करायचंय? ऐकायचं तर ऐक. हा बघ, सोफिया शहरातलं कॉलेज टाकून आलेला पंडित कसा गप्प बसलाय."

मी गप्प होतो, कारण म्हाताऱ्यांच्या गोष्टीत तोंड घातलं की त्या लांबतात.

दब्रावा नावाची गावं आमच्या देशात तीन आहेत. दब्रावा म्हणजे ओकची राई; गावांना नावं देणाऱ्या पूर्वजांना ओकची चार झाडं एका ठिकाणी दिसली की पुढे काही सुचत नसावं. एक दब्रावा आमचं, डोंगरातलं, लाल मातीचं. दुसऱ्यात आता कुणीच राहत नाही. तिसरं पार ईशान्येला, डॅन्यूबच्या बाजूला, इथून गाडीने सात तास. तिकडची माती काळी, बुटाला एकदा चिकटली की सुटत नाही. त्यांची पत्रं आमच्याकडे येतात, आमची ट्रॅक्टरची टायरं त्यांच्याकडे जातात. मी शाळेत असताना त्यांच्या लग्नाचे वाजंत्री ढोल-सनया घेऊन आमच्या चौकात उतरले होते.

कामेन आला त्या दिवशीही आमच्या म्हाताऱ्यांनी तेच केलं जे ते नेहमी करतात. चुकून आलेल्या माणसाला तो चुकलाय हे लगेच सांगायचं नाही. चर्चच्या वर जा, चर्चच्या खाली जा, असं पळवत राहायचं. आमच्या दुकानात वाणसामानाबरोबर दारूही मिळते; तिथे बसलेल्या सगळ्यांना त्याने एकेक पेला पाजला की मग मांडीवर थाप मारून खरं सांगायचं. याला ते पाहुणचार म्हणतात.

"तीन वर्षांपूर्वीची गोष्ट," काका म्हणाले. "असाच पितरांच्या शनिवारच्या आदला शुक्रवार. रात्रीचे नऊ चाळीस. दुकानात चौघे जण. मेतोदी, दोन इतर, आणि तो माझ्या ओळखीचा."

मेतोदी म्हणजे गावच्या कचेरीत बसून शिक्के मारतो तो. हे चौघे रोज संध्याकाळी दुकानातल्या त्याच टेबलाशी बसतात. अजूनही.

पांढरी, बिनखिडक्यांची गाडी पाणवठ्यासमोर थांबली. आमच्या गावात दुकानासमोरच पाणवठा आहे, दगडी भिंतीतून दोन तोट्या, चोवीस तास वाहत्या. ड्रायव्हर उतरला. तिशीचा, डोळे लाल. तीन दिवस तो गाडी चालवत होता. परदेशातल्या लोकांची पार्सलं आणणाऱ्या अशा गाड्या आमच्याकडे नेहमी येतात, म्हणून आत काय आहे असं कुणी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. मागे मढं आहे असं सांगितलं तर कुठल्याच दुकानात त्याला कॉफी मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

"हे दब्रावाच ना?"

"बोर्ड वाचता येतो का?" मेतोदी म्हणाला.

"स्तोयनाआजींचं घर कुठे?"

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या गावात स्तोयना नावाचं कुणी नाही. चौघांना लगेच कळलं.

"चर्चच्या वर, शेवटचं घर," मेतोदी म्हणाला. चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. "पण आधी बस की. आमचे घसे बघ कसे कोरडे पडलेत."

"आधी आजींना कळवतो," म्हणून कामेन बाहेर पाणवठ्यापाशी गेला. दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं.

"आजी, पोचलो मी. गावातच आहे. पाणवठ्यावर."

फोनचा आवाज त्याने मोठा केला होता, तोटीच्या आवाजात ऐकू येत नव्हतं म्हणून.

"पोचलास, बाळा? देव भलं करो तुझं. मी येते."

"नको, मीच येतो. चर्चच्या वर ना?"

"वर नाही रे, खाली. कुणी सांगितलं वर? राहू दे, तुला अंधारात सापडायचं नाही. मी येते पाणवठ्यावर. तिचे जोडे घेऊन येते. लोकरीचे विणलेत. टाच दुहेरी विणलीय, तिची टाच नेहमी आधी फाटायची."

"आजी, थंडी आहे..."

"अकरा वर्षं मी तिची वाट बघतेय. मला काय थंडी सांगतोस?"

कामेन आत आला. चौघांच्या टेबलावर त्याने एकेक पेला मागवला. स्वतः कॉफी घेतली.

"आजी म्हणतात, घर चर्चच्या खाली आहे."

मग माझ्या ओळखीचा माणूस बोलला, काका म्हणाले. तोपर्यंत तो बोलला नव्हता. त्याला वाटलं, आपलीही पाळी आली. तो म्हणाला, "बरोबर, खालीच. गिरणीच्या मागे. मेतोदीला वयामुळे वर-खाली कळत नाही."

सगळे हसले.

गिरणीमागे घर नाहीच. तिथे ओढा आहे. कामेन गाडी घेऊन गेला, परत आला. मग कुणी तरी त्याला चर्चच्या वर धाडलं. तिथल्या शेवटच्या घराला छप्पर नाही. तो परत आला तेव्हा साडेदहा झाले होते. दुसरा पेला झाला होता.

"थट्टा करताय का?" कामेन म्हणाला.

"छे. तू बघतोसच चुकीच्या डोळ्याने," मेतोदी म्हणाला.

फोन वाजला. कामेन पुन्हा पाणवठ्यापाशी गेला.

"बाळा, मी पाणवठ्यावर उभी आहे. तू कुठायस?"

"मीही पाणवठ्यावरच आहे, आजी."

"दोन तोट्या आहेत का?"

"दोन."

"समोर दुकान?"

"आहे. दिवा चालू आहे."

"इथेही चालू आहे. लिंडनचं झाड आहे का डाव्या हाताला?"

कामेनने डावीकडे पाहिलं. "आहे."

"मग मला दिसत का नाहीस तू?"

दुकानात कुणी हसलं नाही, असं काका म्हणाले. म्हणजे तोपर्यंत हसत होते.

कामेन पाणवठ्याच्या भिंतीकडे बघत राहिला. मग दुकानाच्या दाराकडे. मग विजेच्या खांबाकडे. गावात कुणी मेलं की त्याच्या फोटोचा कागद छापतात आणि दारावर, खांबावर, पाणवठ्यावर चिकटवतात. चाळीस दिवसांचा वेगळा, सहा महिन्यांचा वेगळा, वर्षाचा वेगळा. आमच्या खांबावर चार कागद होते. तो एकेक वाचत गेला. दोनदा वाचले.

तो दारात येऊन उभा राहिला.

"नेदाचा कागद कुठाय?"

"कोण नेदा?"

"नेदा इलिएवा. वय त्रेपन्न. स्तोयनाआजींची मुलगी. इटलीत म्हातारी माणसं सांभाळायची, तिथेच गेली. मागच्या मंगळवारी." त्याने बाहेर हात केला. "ती माझ्या गाडीत आहे."

कुणी पेल्याला हात लावला नाही.

मेतोदी खाली बघत म्हणाला, "डॅन्यूबकडे आणखी एक दब्रावा आहे. तिकडचं असेल ते."

"किती लांब?"

"सात तास."

"तुम्हाला माहीत होतं?"

...

इथे काकांनी लाकूड सारलं. भट्टीच्या नळीतून थेंब पडत होता, त्याकडे बघत राहिले.

"मग?" मिलेना म्हणाली.

"मग काय. कामेन म्हणाला, तिकडे कुणाला तरी फोन करा, म्हातारीला घरी न्या म्हणावं. मेतोदी म्हणाला, मला तिकडचं कुणी ठाऊक नाही. पोलिसांना कळवा म्हणाला, तर मेतोदी म्हणाला, कशाला पोलिस, थंडी वाजली की जाईल घरी आपली आपण."

"आणि तुमचा ओळखीचा माणूस?" मी विचारलं. "त्याच्याकडे फोन नव्हता?"

"होता."

"मग?"

"रात्र झाली होती," काका म्हणाले.

मिलेनाने माझ्या गुडघ्याला चिमटा काढला.

कामेनने आजींना फोन लावला. या वेळी चौघेही बाहेर आले होते. अकराला दहा कमी.

"आजी, घरी जा. माझं चुकलं. मी दुसऱ्याच दब्राव्यात आलोय. सकाळी पोचतो. शेजारी कुणी आहे का?"

"शेजारी कुठले, बाळा. सगळी दारं बंद."

"मग तुम्ही घरी जा. आत्ता."

पलीकडून नुसतं पाणी ऐकू येत होतं. इथेही पाणी. कुठलं कुठलं, कळत नव्हतं.

"चुकलं कुठे..." आजी म्हणाली. "आलास की तू. दार उघडलंस आत्ता."

"नाही, आजी."

"उघडलंस. ती उतरली."

कामेनने गाडीकडे पाहिलं. चौघांनी पाहिलं. मागचं दार बंद होतं.

"आजी..."

"थांब. अनवाणी आहे ती."

पाणी.

"ये गं. पाय दे इकडे."

पाणी.

मग काहीच नाही.

कामेनने किल्ली काढली. कुलूप उघडलं. बॅटरीचा झोत मारला. पेटी होती. पट्टे आवळलेले. जस्ताचा पत्रा चारी बाजूंनी झाळून बंद केलेला. काही हललं नव्हतं.

कामेन गाडीत बसला. जाताना त्याने काच खाली केली. चौघांकडे एकदा पाहिलं. शिवी द्यायची त्याच्यात ताकद नव्हती, असं काका म्हणाले. मला वाटतं, त्याने दिली असणार आणि काकांनी गाळली.

तो सकाळी सहाला पोचला. त्या दब्राव्यात. पाणवठ्याच्या दगडावर स्तोयनाआजी बसलेल्या होत्या, पाठ भिंतीला टेकून. थंडीने लाकूड झालेल्या. दोन्ही हात पुढे, खाली, बोटं अर्धी मिटलेली. समोर कुणाचा तरी पाय धरावा तशी.

हात रिकामे होते. जोडे कुठे नव्हते. दगडावर नव्हते, पाण्यात नव्हते, घरात नव्हते. हे कामेनने चार दिवसांनी दुकानाच्या फोनवर कळवलं. आई आणि मुलगी एकाच दिवशी पुरल्या म्हणाला. फोन मेतोदीने घेतला होता.

"त्यानंतर दुकानातला तो खेळ बंद झाला?" मिलेनाने विचारलं.

"महिनाभर," काका म्हणाले.

ते हसले नाहीत. आम्हीही नाही.

"पण गोष्ट संपली नाही. त्याच शनिवारी सकाळी, अजून उजाडायचं होतं, माझ्या ओळखीच्या माणसाला झोप नव्हती, म्हणून तो पाणवठ्यावर गेला. आपल्या. इथल्या. दगडावर जोडे होते. राखाडी लोकर, लाल काठ. टाच दुहेरी. अगदी कोरे."

"काय केलं त्याने?"

"उचलले. बायका गहू घेऊन बाहेर पडायच्या आत. कुणाला दिसू नयेत म्हणून. घरी नेऊन खिळ्याला अडकवले. जाळायचं धाडस झालं नाही. कुणाला सांगायचंही नाही."

"आम्हाला सांगितलं ना त्याने. तुमच्या तोंडून," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग भट्टीकडे.

"थंडी वाढली," ते म्हणाले. "माझा कोट घेऊन ये. दाराच्या मागे आहे. किल्ली कुंडीखाली."

त्यांचं घर भट्टीपासून दोन मिनिटांवर. काकू गेल्यापासून ते तिथे एकटेच. मिलेनासुद्धा तिच्या आईबापाकडे राहते, आणि पाळी असली की काका दिवसभर भट्टीवरच. मी किल्ली काढली. कुलूप उघडलं. दिवा लावला. दार लोटलं, त्याच्या मागे पाहिलं.

दोन खिळे होते. एकाला कोट.

दुसऱ्याला जोडे. राखाडी. लाल काठ. टाच दुहेरी.

मी एक उलटा केला.

तळ ओला होता. माती लागलेली, ताजी. बोटाला चिकटली. पुसली तरी सुटेना.

काळी.