पाठमोरा फोटो

फोटोत माझी केसांची क्लिप किंचित उजवीकडे कललेली होती. बाकी सगळं सरळ रेषेत — टेबलाची कड, पाण्याचा ग्लास, समोरच्या रिकाम्या खुर्चीची पाठ.

"या तुम्हीच ना?" माझ्यासमोर फोन धरून एक मुलगा उभा होता. कॉलेजच्या कँटीनमध्ये आजवर मला लोकांनी एकच प्रश्न विचारला होता — ही खुर्ची नेऊ का?

"माझी पाठ मी कधी पाहिलेली नाही," मी म्हणाले.

तो हसला. समाजशास्त्राच्या वर्गात त्याला एकटेपणावर सादरीकरण करायचं होतं. स्लाइड दाखवून ऐकणाऱ्यांचं मन वळवायचं. ज्याचा फोटो, त्याची परवानगी हवीच, असा त्याच्या मॅडमचा नियम.

"मला एकटीनं जेवायला आवडतं. तुमचा फोटो चुकीचं सांगतोय."

"म्हणजे परवानगी नाही?"

"विचार करून सांगते."

तो रोज विचारायला यायचा. मग लॅपटॉप घेऊनच यायला लागला, त्याच रिकाम्या खुर्चीवर.

"हा आलेख लबाड आहे," मी एकदा म्हणाले; मी विज्ञान शाखेची. "अक्ष शून्यापासून सुरू कर. उगाच टेकडीचा डोंगर केलायस."

"डोंगर दिसल्याशिवाय लोकांना पाझर कसा फुटणार?"

"खरं सांगून."

"बाईसाहेब, तुम्ही लग्नसुद्धा प्रयोगशाळेतच करणार का?"

"चांगला नमुना मिळाला तर."

"समोर बसलाय की..." तो बोलून गेला, आणि कान त्याचेच लाल झाले.

संध्याकाळी खोलीवर आईचा फोन यायचा. "जेवलीस का गं? कुणाबरोबर?"

"मैत्रिणी आहेत ना, आई."

फोन ठेवला की मी पंखा वाढवायची. उकडायचं म्हणून नाही, तेवढाच आवाज.

उत्तर मी टाळत राहिले. हो म्हटलं, तर अख्खा वर्ग पडद्यावरची ती पाठ बघून कुजबुजणार. नाही म्हटलं, तरी प्रश्न मिटणार... आणि प्रश्न मिटला की त्याला त्या खुर्चीवर यायचं कारणच उरणार नाही.

सादरीकरणाच्या आदल्या दुपारी रिकाम्या वर्गात तो तालीम करत होता. मी शेवटच्या बाकावर. फोटोच्या जागी पडदा नुसता पांढरा होता.

"हे काय?"

"तू हो म्हणाली नाहीस. मग स्लाइड कोरीच दाखवीन."

"दुसऱ्या कुणाचा फोटो लाव ना."

"नको." तो प्रोजेक्टरच्या उजेडात उभा होता, डोळे किलकिले करून, पण तिथून हलत नव्हता. "खरं सांगू? त्या दिवशी मी फोटो काढायला आलोच नव्हतो. मागच्या टेबलावर जेवत होतो... एकटाच. तुझ्याशी बोलायला काहीतरी निमित्त हवं होतं."

मी उठले. बाकांमधून पुढे आले. माझी सावली पडद्यावर, त्याच्या सावलीशेजारी पडली.

"फोटो नको लावूस," मी म्हणाले.

"बरं." त्यानं मान खाली घातली.

"ऐक तरी... उद्या ही स्लाइड आली की तिथे मी उभी राहते. मीच बोलते."

"काय बोलशील?"

मी त्याच्याकडे वळले.

"की मला एकटीनं जेवायला आवडत नाही. कधीच आवडलं नाही... हे वर्गाला. आणि तुला — तू समोर नसलास की माझ्या घशाखाली घास उतरत नाही."