दिवा वाढवा

सीमेवर लढाई पेटली तेव्हा तिच्यातून वामनराव भोयरांना काय काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेते. एक शिट्टी. दंडाला बांधायची पिवळी पट्टी. कुणाच्याही दारावर काठी आपटून आत काय चाललंय ते विचारण्याचा हक्क. आणि हे सगळं नीट वापरता आलं, तर गल्लीच्या तोंडाशी असलेली बायजाबाईची दोन खोल्यांची जागा. तेवढीच मध्ये आल्यामुळे वामनरावांची गाडी आजवर त्यांच्या दारापर्यंत पोहोचली नव्हती.

नकाशात नागपूर देशाच्या पार मधोमध. इथवर येऊन बॉम्ब टाकायचा तर त्या विमानवाल्यालाही वाटेत दोनदा विचार करावा लागला असता. पण हुकूम सगळ्या शहरांना एकच होता. भोंगा वाजला की दिवे बंद, आणि दर गल्लीत ते बघणारा एक माणूस. आमच्या गल्लीत तो माणूस कोण होणार, याबद्दल कुणालाच शंका नव्हती. वामनरावांना तर नव्हतीच.

माझंही काही नुकसान नव्हतं म्हणा. सक्करदऱ्याच्या तलावामागे आमची गल्ली, पुढच्या खोलीत माझं शिलाई मशीन. लढाईच्या पहिल्याच आठवड्यात मी गांधीबागेतून काळ्या कापडाचे तागे आणले आणि गल्लीतल्या प्रत्येक खिडकीचं माप घेऊन पडदे शिवले. कुणाची काच फुटली आहे, कुणाचा कूलर नुसताच आवाज करतो, कोणते नवराबायको वेगवेगळ्या खोलीत झोपतात, सगळं मापासोबत कळलं. देशसेवा म्हणून मिनलताईंनी शिलाई कमी लावली, असं गल्ली अजून समजते. समजू दे.

वामनरावांचा आवाज मात्र शिट्टीहून मोठा. आयुष्यभर त्यांनी कळमन्याच्या बाजारात लिलाव पुकारले. मिरचीचा ढीग, भोवती व्यापाऱ्यांचं रिंगण आणि मधोमध वामनराव, "वाढवा! वाढवा शेठ, वाढवा!" ते म्हणाले की भाव वाढायचाच. लोक थट्टेनं म्हणत, वामनरावांनी पुकारलं तर तिथे नसलेलं गिऱ्हाईकही हात वर करतं.

आणि बायजाबाईकडे होता एक पितळेचा दिवा. तिचा प्रशिक शाळेत होता तेव्हा गल्लीत विजेचा खांब नव्हता. शिकवणीवरून येताना पोराला दार दिसावं म्हणून ती खिडकीच्या फळीवर दिवा ठेवायची. पुढे खांब आला, प्रशिक फौजेत गेला, पण दिवा फळीवरच राहिला. लढाई लागल्यापासून त्याचा फोन नव्हता. बायजाबाईला वाचता येत नाही, म्हणून वामनरावांची सून दीप्ती रोज दुपारी सासऱ्याची नजर चुकवून यायची आणि तिचा मोबाइल बघून द्यायची.

"आला काय वं काही?"

"नाही काकू. येईन उद्या."

पहिला भोंगा वाजला ती संध्याकाळ. घरं काळी झाली, कूलर तेवढे घरघरत राहिले. सगळी गल्ली दारात उभी. आणि तोंडाशी एकच ज्योत, सरळ, पिवळी.

शिट्टी वाजली. "बायजाबाई! विझव तो दिवा!"

"तसं नका म्हनू भाऊ," ती दारात येऊन म्हणाली. "दिव्याले विझव म्हनते काय कोनी? पोरगं तिकडं आहे माहं. वाढव म्हना. मी वाढवते."

जुन्या बायका दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. गांधीबागेतले व्यापारीही दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. संपणाऱ्या गोष्टीला तोंडावर संपली म्हणायचं नाही, एवढंच त्यात.

समोरच्या ओट्यावरून रुपराव ओरडला, "सिग्नल देऊन राहिली असन, वामनराव! विचारा तं तिले, कोनाले दाखवून राहिली दिवा?" याच रुपरावनं आठवडाभर आधी आपल्या गाडीच्या काचेवर 'जवानांना सलाम' चिकटवलं होतं. लोक हसले. काही हसले नाहीत, पण कुणी त्याला गप्पही केलं नाही. मीसुद्धा.

माणसं जमली, ती हसायला तयार आहेत, एवढं वामनरावांना पुरे होतं. त्यांनी हात वर केला आणि बाजारातला आवाज काढला.

"बरं! वाढव वं बायजाबाई! वाढवा! एकाचे दोन करा, दोनाचे चार! घरोघरी वाढवा! वाढवा!"

गल्ली खदखदून हसली. बायजाबाईनं तळवा आडवा धरला, ज्योत गेली, अंधार झाला.

हसणं एका बाजूनं थांबत आलं.

"वामनराव," रुपराव म्हणाला, "तुमच्या माडीवर काय आहे ते?"

माडीच्या खिडकीत दिवा होता. तेवढाच, तसाच सरळ. माडीवर दीप्ती राहायची. तिचा नवरा केयूर नोकरीला हैदराबादला. पण दीप्ती माझ्या शेजारी उभी होती, तिचा हात माझ्या हाताला लागत होता. "ताई, मी तं कुलूप लावून आली," ती पुटपुटली.

वामनराव वर धावले. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग त्याच खिडकीतून त्यांचा आवाज. "कुठं आहे बे? इथं तं काहीच नाही!" ते ज्योतीच्या अगदी मागे उभे असणार. कारण आवाज तिथूनच येत होता. पण ज्योतीच्या उजेडात त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीप्तीनं मला बोलावलं. पडद्यात फट असेल, असं सासऱ्यांचं म्हणणं. माझ्या कामावर बोट, म्हणून मी टेप घेऊनच गेले. फट नव्हती. कापड दुहेरी, कुठे डाग नाही, जळकट वास नाही. खिडकीची फळी मात्र गरम लागली. मे महिना, नागपूर, काय गार लागणार? म्हणून दुसऱ्या खिडकीच्या फळीला हात लावून पाहिला. ती इतकी गरम नव्हती. आणि पहिलीजवळ नाक नेलं की तेलात भिजलेल्या वातीचा वास यायचा.

"हे पाहा नं ताई," असं म्हणत दीप्तीनं पडदा ओढला आणि ट्यूबलाइट लावली.

ट्यूब लागली. छताखाली पांढरी काठी दिसत होती. पण खोलीत उजेड झाला नाही. पलंग दिसेना, दीप्ती दिसेना. उजेड ट्यूबलाच चिकटून राहिला होता.

"कालपासून असंच आहे. केयूर म्हनते, चोक गेला असन."

मीही म्हटलं, चोकच असेल. दुसरं काय म्हणणार होते?

त्या संध्याकाळी वामनरावांच्या दोन खिडक्यांत दिवे होते. पुढच्या संध्याकाळी स्वयंपाकघरातही. वामनरावांनी मेन स्विच पाडला. दिवे राहिले. त्यांनी माझे पडदे काढून आतून पत्रे ठोकले. ज्योती पत्र्याच्या बाहेर, काचेला लागून उभ्या. वाऱ्यानंही हलत नव्हत्या. आणि जी खिडकी बाहेरून पेटायची, ती खोली आतून आंधळी व्हायची. दीप्ती दिवसाढवळ्या अंगणात शेगडी मांडून पोळ्या करायला लागली.

गल्ली आधी हसली. मग लोकांच्या फोनवर खबर फिरली की शत्रूचं ड्रोन उजेडावर येतं, आणि हसणं संपलं. खबर खरी की खोटी कुणी विचारलं नाही. सकाळी वामनरावांच्या फाटकावर कोळशानं 'गद्दार' लिहिलेलं होतं. दूधवाला फाटकाशी थांबेना. ज्या पोरांना वामनरावांनी शिट्टी मारून घरात पिटाळलं होतं, ती आता त्यांना बघून शिट्टी मारू लागली. गस्तीची जीप आली, त्यातला माणूस माडीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "काका, तुमच्यामुळं सगळे मरन ना. उद्या दिसला तं उचलून नेतो."

"अरे, आतून काहीच नाही! ये, चाल, दाखवतो!"

तो आत गेला नाही. कुणीच जात नव्हतं.

"खाली करून टाका घर, वामनराव," रुपराव फाटकाबाहेरून म्हणाला. "गल्लीचं भलं होईन." हीच सूचना वामनरावांनी चार दिवसांपूर्वी बायजाबाईला केली होती, याच शब्दांत.

त्या दुपारी ते तिच्याकडे आले. मी तिथेच होते, तिच्या खिडकीचा लावायचा राहिलेला पडदा लावत. दीप्ती मोबाइल बघत बसली होती. सासऱ्यांना बघून ती उठली, पण ते तिला काही बोलले नाहीत. ते आयुष्यात पहिल्यांदाच तिच्या उंबऱ्यावर खाली बसले.

"बायजाबाई, तुह्या दिव्याले आवर."

"माहा दिवा तं मी वाढवला भाऊ. हा काय फळीवर थंडा पडला आहे. तुमचे तुमी वाढवले."

"मंग आता काय करू, तूच सांग."

तिनं फळीवरचा दिवा हातात घेतला. "मी जन्मात कधी दिवा विझवला नाही. विझवल्यावर काय होते, मले मालूम नाही. पन तो शब्द काढसान तं कोनाचं नाव तोंडात नका येऊ देऊ. एवढंच मले माह्या मायनं सांगितलं."

वामनरावांनी मान हलवली. मग खिडकीकडे, भिंतींकडे, गल्लीच्या तोंडाकडे एक नजर फिरवली. अशा वेळीही त्यांनी जागेचं माप घेतलं, हे माझ्या लक्षात आलं. माप घेणाऱ्याला माप घेणारा कळतो.

"मेसेज?" बायजाबाईनं दीप्तीला विचारलं.

"नाही काकू," दीप्ती म्हणाली. तिनं फोन पदरानं पुसून तिच्या हातात दिला.

भोंगा वाजला. गल्ली काळी झाली आणि भोयरांचं घर पेटलं.

खालपासून वरपर्यंत. खिडक्यांत, झरोक्यात, जिन्याच्या जाळीत. गच्चीच्या कठड्यावर ओळीनं. भिंती दिसत नव्हत्या, नुसत्या ज्योती. आणि त्या सगळ्यांचा मिळून गल्लीत कणभर उजेड पडला नव्हता. मला माझा हात दिसत नव्हता.

पहिला दगड कुणी मारला, ते सांगत नाही. काच फुटली. ज्योत फुटक्या काचेत तशीच उभी.

"गद्दार! बंद कर!"

"मरवतो काय बे सगळ्यायले?"

वामनराव रस्त्यावर आले होते. एक दगड त्यांच्या खांद्याला लागला. माडीवर कुणीतरी ओली गोधडी खिडकीवर दाबत होतं. कापड काचेवर थपथपल्याचा आवाज येत होता.

"बाबा, होत नाही!" वरून दीप्ती ओरडली. "हात पोहोचून नाही राहिला!"

लांबून जीपचा आवाज आला.

वामनरावांनी मान वर केली. हात वर केला. कळमन्याच्या दुसऱ्या टोकाला जायचा तो आवाज.

"दीप्ती विझव!"

लिहिताना मध्ये स्वल्पविराम देता येतो. ओरडताना देता येत नाही.

सगळ्या ज्योती गेल्या.

एकदम.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वरून गोधडी खाली पडली, ओल्या कापडाचा आवाज झाला. माझ्या शेजारी बायजाबाई "अरे बापा," एवढंच म्हणाली.

आणि तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला.

"माय," आवाज खरखरत होता, पण प्रशिकचाच. "मी चांगला आहे. येऊन राहिलो."

लढाई थांबली. लोकांनी पडदे परत आणून दिले, जसं काही मी उधार दिले होते. मी त्यांची अस्तरं कापली.

आता कुणाला काय मिळालं ते बघा. प्रशिक आला, भर दुपारी. पायात थोडा लंगडतो. तो आईला आपल्यासोबत क्वार्टरवर घेऊन गेला, पितळेचा दिवाही गेला. जाताना बायजाबाईनं जागा वामनरावांनाच दिली. त्यांनी मागितली नव्हती. दोन्ही खोल्या पाडल्या आणि आता त्यांची गाडी थेट दारात उभी राहते. रुपरावनं फाटकावरचं कोळशाचं अक्षर स्वतःच्या हातानं पुसलं आणि चहा प्यायला. जीपवाल्याला शाबासकी मिळाली असेल. वामनरावांच्या घरात ट्यूब लावली की लख्ख उजेड पडतो, कोपऱ्या-कोपऱ्यात.

राहिली दीप्ती.

परवा ती ब्लाऊजचं माप द्यायला आली. सकाळचे आठ, माझं दार सताड उघडं, ऊन मशीनपर्यंत आलेलं. सुई चमकत होती, कात्री चमकत होती. ती दारासमोर उभी राहिली आणि मी टेप लावला. खांद्याची शिवण कुठे येते, ते मला काही केल्या दिसेना.

"जरा उजेडाकडं तोंड कर वं," मी म्हटलं.

"उजेडाकडंच आहे ताई."

मी वर पाहिलं. तिचं तोंड दाराकडेच होतं. तिच्या मागच्या भिंतीवर दाराएवढं ऊन पडलं होतं, अख्खं, मध्ये कुठेही न तुटता.