थांबलेल्या पेशी

उबवणपेटीचे दार उघडून डॉ. सुमेधा शिरगुप्पेने तिन्ही बश्या एकेक करून सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. पहिल्या दोन तिने पुन्हा फिरवून पाहिल्या. पेशी जिथल्या तिथेच होत्या, एकीचेही विभाजन झाले नव्हते. तिसऱ्या बशीत मात्र पेशींचा नितळ, एकसंध पापुद्रा काठापर्यंत पसरला होता.

या पेशी भारती चौगुलेच्या होत्या. भारती वारणेकाठच्या एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ होती. उसाचा रस निवळण्यासाठी वापरतात तो चुना नळी फुटून तिच्या तोंडावर उडाला आणि दोन्ही डोळ्यांची पारपटले, म्हणजे बुबुळांवरची पारदर्शक आवरणे, दुधासारखी पांढरी पडली. पारपटल सतत नवे ठेवणाऱ्या मूळपेशी त्याच्या कडेला असतात. डाव्या डोळ्यातल्या सगळ्या जळाल्या होत्या. उजव्याच्या कडेला जेमतेम तिळाएवढा जिवंत भाग उरला होता. कोल्हापूरच्या नेत्रपेशी केंद्रातले शल्यचिकित्सक डॉ. जयसिंग इंगवले यांनी त्यातला कणभर काढून घेतला आणि त्यापासून तीन पापुद्रे वाढवायला घातले. पुन्हा काढून घ्यावे असे डोळ्यात फारसे काही उरले नव्हते.

नेमका त्याच वेळी भारतीला न्यूमोनिया झाला आणि शस्त्रक्रिया लांबली. पापुद्रा वाढत राहिला तर म्हातारा होतो, मग तो डोळ्यावर धरत नाही. वाढ थोपवून धरण्यासाठी सुमेधाने विरामक वापरायचे ठरवले. परवानगी घेताना तिने भारतीच्या खाटेशी बसून सगळे समजावले होते.

"पेशी दोन होण्याआधी एका फाटकाशी थांबते. ते फाटक बंद ठेवणारं एक प्रथिन आपल्या सगळ्यांच्याच पेशींत असतं. त्याचं मानवी जनुक आम्ही जिवाणूंत घातलं आणि त्यांच्याकडून ते प्रथिन बनवून घेतलं. पेशीच्या आत शिरता यावं म्हणून त्याला एक शेपटी जोडली. हेच विरामक."

"म्हणजे माणसाचंच, पण जिवाणूंनी रांधलेलं," भारती म्हणाली.

"अगदी. आजवर फक्त प्रयोगशाळेतच वापरलंय. तुमच्या डोळ्यात ते जाणार नाही. बशीत घालू आणि पापुद्रा लावण्याआधीच धुऊन टाकू."

"घाला मॅडम. मला दिसल्याशी मतलब."

भारती बरी झाली, बश्या धुतल्या, आणि आज हे असे दिसत होते.

इंगवल्यांनी सूक्ष्मदर्शकातून डोळा काढला. "दोन गेल्या, मॅडम. तुमच्या प्रथिनानं मारल्या म्हणायच्या. पण ही तिसरी बघा! बाईचं नशीब थोर. याच आठवड्यात टेबलावर घेतो. तिच्या डोळ्यावर रक्तवाहिन्या चढायला लागल्यात, फार थांबून चालणार नाही."

सुमेधाने मान डोलावली. निदान एक तरी वाचली, या विचाराने तिला रडूच यायचे बाकी होते. उपाहारगृहात चहा घेताना मात्र तो दिलासा तिला टोचू लागला. विरामक तिन्ही बश्यांत सारखेच घातले होते. धुतल्यापासूनच्या एवढ्याशा वेळात काठापर्यंत वाढ होणे शक्य नव्हते. मग ही तिसरी मुळात थांबलीच का नाही?

कदाचित त्या बशीतले विरामक खराब झाले असेल. तपासणे सोपे होते, कारण बश्यांमधून काढलेला द्रव केंद्रात जपून ठेवत. तिसऱ्या बशीतला द्रव तिने दुसऱ्याच एका निरोगी दात्याच्या पेशींवर घातला आणि वाट पाहिली. त्या पेशी थांबल्या.

ती तडक इंगवल्यांच्या खोलीत गेली. "सर, तिसरी बशी लावू नका."

"का बरं?"

"विरामक त्या बशीतही होतं, आणि चांगलं होतं. थांब म्हटल्यावर निरोगी पेशी थांबते. या थांबल्या नाहीत."

इंगवल्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "फाटकच मोडलंय म्हणता."

"हो. आणि फाटक मोडलेली पेशी ही कशाची पहिली पायरी असते, ते मी तुम्हाला सांगायला नको."

"नको." मग एकदम त्यांचा आवाज चढला. "पण मग आपल्या हातात उरलं काय? दोन मेलेल्या बश्या? तिला काय सांगू मी?"

"मेल्यात हे कुणी ठरवलं?" सुमेधा बोलून गेली आणि स्वतःच चपापली.

दोघे जवळजवळ धावतच प्रयोगशाळेत आले. पेशींना दिलेला पोषक द्रव ताजा असताना गुलाबी असतो. पेशी साखर खाऊन आम्ल सोडतात तसा तो पिवळा होत जातो. मेलेल्या पेशींच्या बशीत तो गुलाबीच राहतो. सुमेधाने बश्या उजेडात धरल्या. दोन्हींमधला द्रव पिवळसर झाला होता.

"जेवतायत!" इंगवले म्हणाले.

"आपण धुतलं ते बशीतलं, सर. जे पेशीच्या आत शिरलंय ते तिचं तिलाच मोडावं लागतं, आणि स्वस्थ बसलेली पेशी ते सावकाशच करणार. माझं गणित चुकलं. पेशी ठीक आहेत."

"किती थांबायचं?"

"त्या चालू होईपर्यंत."

इंगवल्यांनी शस्त्रक्रिया पुढे ढकलली. सुमेधा उठता-बसता बश्यांकडे जाऊन येई, घरी जेवणात तिचे लक्ष नसे. अखेर एका सकाळी पहिल्या बशीत दोन होऊ पाहणाऱ्या एका पेशीची कंबर आवळलेली दिसली; दुपारपर्यंत तशा कितीतरी. दुसरीही मागोमाग निघाली. इंगवल्यांनी सगळ्या केंद्राला पेढे वाटले.

पेढा तोंडात असतानाच सुमेधा थबकली. तिन्ही बश्या एकाच कणातून निघाल्या होत्या.

"सर, ती मोडक्या फाटकाची पेशी आली कुठून? एक तर बशीत बिघडली असेल, नाही तर..."

"नाही तर डोळ्यातूनच आली," इंगवल्यांनी वाक्य पुरे केले.

त्याच दिवशी त्यांनी भारतीच्या उजव्या डोळ्याच्या कडेला पातळ कागद अलगद टेकवून पेशींचा ठसा घेतला. त्यात तशा पेशी सापडल्याच. जनुकातला बिघाड तिसऱ्या बशीतल्या पेशींसारखाच, अगदी त्याच जागी होता. तो अजून कर्करोग नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. सुईच्या टोकाएवढा डाग, भिंगाखालीही चटकन न दिसणारा. इंगवल्यांनी तो भोवतालच्या थोड्या भागासकट काढला. कडा स्वच्छ असल्याचा अहवाल आला तेव्हा ते खुर्चीत मागे रेलले.

मग दोन्ही पापुद्रे लावले, दोन डोळ्यांना दोन.

पट्टी काढायच्या आधी इंगवल्यांनी भारतीला सारे सांगितले. "एरवी त्या डागाची चाहूल आम्हाला लागली असती, पण फार उशिरा. डोळा काढायची वेळ आली असती, कदाचित जिवावरही बेतलं असतं. विरामकाला न जुमानणाऱ्या पेशींनीच त्याचा पत्ता दिला."

"आणि आता?"

"आता काही नाही. दर थोड्या महिन्यांनी दाखवून जायचं."

भारतीने हलकेच श्वास सोडला. इंगवल्यांनी पट्टी उलगडली. तिने डोळे मिचकावले, पाणी पुसले, खिडकीकडे पाहिले, मग खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या सुमेधाकडे वळली आणि तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळू लागली.

"मॅडम, तुम्हीच ना?"

"हो, मीच."

"बोलण्यावरनं मला वाटलेलं, चांगल्या उंचपुऱ्या असाल."

जेमतेम पाच फुटांची सुमेधा इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी तिला खाटेच्या कडेवर बसावे लागले.