ओल्या रंगाचं बाकडं

वायहेकी बेटावरून ऑकलंडला निघालेल्या बोटीत, डेकवरच्या बाकड्यावर एक मुलगी आडवी पडली होती. बेशुद्ध दिसतेय बिचारी, असं वाटून सेमिसीने तिला खांद्यांना धरून अलगद बसवलं. बोटीवरच्या नोकरीत प्रथमोपचार शिकवतात, त्याचा एवढाच उपयोग झाला. तिचे ओठ बघता बघता जांभळे पडले.

"आडवं... कर मला... शहाण्या."

पुन्हा आडवी झाल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा तेज आलं. "जगाला बसलं की बरं वाटतं, मला झोपलं की. रोग लिव्हरचा आणि दम लागतो छातीला. नवं लिव्हर मिळेपर्यंत हे असंच."

"चुकलं माझं—"

"असू दे. तिथेच उभा राहा. सावली छान पडते तुझी."

तिचं नाव हुइया. दर मंगळवारी ती तपासणीला जायची. तो बाकड्याशेजारी उकिडवा बसायचा, आईने तळलेले पनिकेके, म्हणजे गोड गुलगुले, तिला भरवायचा.

"उंची किती गं तुझी?"

"उभी राहीन तेव्हा बघ."

एकदा मात्र ती समुद्राकडे बघत म्हणाली, "फुफ्फुसं इतकी बिघडली की काही जण ऑपरेशनमधून उठतच नाहीत. उठले त्यांचा श्वास परत येतो... पण हळूहळू. महिने लागतात."

"मी येईन भेटायला."

"नाही यायचं. विचारायचंही नाही. आडवी तर तू मला दर मंगळवारी बघतोस. मी उभी राहून येईन. नाही आले, तर समजून घे."

त्याने शब्द दिला, आणि मग फार पस्तावला.

पुढच्या मंगळवारी बाकडं रिकामं होतं. त्याच्या पुढच्याही. दुसरं कुणी बसू नये म्हणून त्याने त्यावर 'ओला रंग' अशी पाटी अडकवली. चर्चमध्ये डोळे मिटले तरी काय मागावं कळेना. तिला लिव्हर मिळायचं म्हणजे कुणाच्या तरी घरात रडारड. हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत जाऊन तो परत आला.

"काय रे, कसला रंग लावलायस? पावसाळी थंडी सरली, तरी वाळेना?" कॅप्टन डोरीनबाई विचारायच्या.

"समुद्राची हवा आहे ना, बाई."

किनाऱ्यावर पोहुतुकावाची झाडं लाल फुलली, त्या आठवड्यात तो दोर गुंडाळत असताना पाठीमागून आवाज आला.

"वाळला का रंग?"

तो वळला. नाकाला बारीक नळी, खांद्याला छोटं सिलिंडर, आणि हुइया... उभी. त्याच्यापेक्षा चांगली चार बोटं उंच.

"एवढी?" त्याने मान वर केली.

"का, नको झाले?"

"नाही गं. मान दुखेल, एवढंच. जन्मभर दुखली तरी... चालेल मला."

ती हसली. पाटी काढून तिने त्याच्या हातात दिली, बाकड्यावर ताठ बसली आणि शेजारची जागा हाताने पुसली. तो बसला. मग भीत भीत तिच्याकडे पाहिलं.

बसूनही तिचे ओठ लालच होते.